२२ सीझन कूलरचे झाले. आता एसीचं काम शिकावं का?

सक्करदऱ्याचा मिस्त्री

नमस्कार मंडळी. मी नागपूरचाच. सक्करदऱ्याला बुधवार बाजाराजवळ माझं छोटं दुकान आहे. कूलर दुरुस्ती, मोटर वाइंडिंग (जळालेल्या मोटरमध्ये तार नव्यानं भरणं), पंप. वय ४१. एकोणिसाव्या वर्षी मामाजींच्या दुकानात हाताखाली लागलो, तेव्हापासून हेच करून राहिलो. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय कोणी नीट उत्तर देऊ शकणार नाही, म्हणून लांब लिहितो.

बाहेरगावचे कोणी वाचत असतील तर सांगतो, आमच्याकडे कूलर ही हौसेची वस्तू नाही. होळी झाली की माळ्यावरून, गच्चीवरून कूलर खाली उतरतात आणि जूनमध्ये पाऊस लागेपर्यंत दिवसरात्र चालतात. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ गेलं होतं. त्या दिवशी दुपारी तीन वाजता मी नंदनवनात एका घराच्या खिडकीबाहेर, पत्र्यावर बसून मोटर बदलत होतो. पाना हातात धरवत नव्हता, ओल्या फडक्यात गुंडाळून वापरला. आत बाळंतीण होती, बारा दिवसांचं लेकरू. पंखा फिरला, ताट्यांवरून, म्हणजे कूलरच्या बाजूच्या घास भरलेल्या चौकटींवरून, पाणी उतरलं, आणि थोड्या वेळानं आतून त्या मुलीच्या आईचा आवाज आला, "झोपलं जी बाळ." आजवर जे कमावलं त्यात मी ते वाक्यही धरतो.

लोकांना वाटतं घास बदलणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. तसं केलं तर खरंच पाच मिनिटांत होतं, पण मग थंड हवा मागू नये. ताटी आडवी टाकायची, सडलेली घास काढायची, जाळीवरचा क्षार तारेच्या ब्रशनं खरवडायचा. बोअरचं पाणी असेल तर तो दगडासारखा बसलेला असतो. मग नवी घास हातानं पिंजायची, गाठी मोडायच्या, बोटांनी पसरायची. जिथं पातळ राहील तिथून गरम झळ सरळ आत येते. जिथं जाड होईल तिथून हवाच येत नाही. जाळी बांधली की ताटी उभी करून उजेडासमोर धरायची, आणि जिथं उजेडाचा ठिपका दिसेल तिथं अजून चिमूटभर घास खोचायची. वरच्या पन्हाळीची भोकं सायकलच्या स्पोकनं एकेक करून मोकळी करायची, नाहीतर एक बाजू ओली आणि एक कोरडी राहते. तीन ताट्यांना मला पाऊण तास लागतो. घास, जाळी, मजुरी मिळून ६०० सांगतो. समोरचा ३०० म्हणतो.

अशा भरलेल्या ताट्यांचा कूलर, बाहेर ४५ आणि हवा कोरडी असली, तर आत २८-२९ ची हवा फेकतो. मी थर्मामीटर लावून पाहिलं आहे. आणि वीज किती, तर २०० वॉटच्या आसपास. दीड टनाच्या एसीला दीड हजार वॉटच्या आसपास लागते. हे मला ग्राहकाला सांगायला फार आवडतं. जूनमध्ये हवेत ओल आली की पाणी उडत नाही आणि तोच कूलर चिकचिक करतो, हेही मी आधीच सांगून ठेवतो.

आता अडचण. माझ्याकडे गिऱ्हाइकांची वही आहे. फेब्रुवारी संपला की ती काढतो आणि एकेकाला फोन लावतो. २०१९ ला वहीत ३४० घरं होती. २०२० चा सीझन तर अख्खाच गेला, २५ मार्चला सगळं बंद झालं आणि आमचा धंदा सुरू व्हायची तीच वेळ. तेव्हा मी फोनवर सांगून सांगून लोकांकडून पंप बदलवून घेतले, पैसे कोणाला मागणार. पुढे मोठमोठ्या घरांनी एसी घेतले. बेसा, मनीषनगरकडे नवीन फ्लॅट झाले तिथं खिडकीला कूलरचं स्टँडच लावू देत नाहीत, सोसायटी म्हणते बिल्डिंग खराब दिसते, पाणी गळते. या वर्षी वहीत १९० घरं उरली. एका मोठ्या ऑफिसचे १४ कूलर मी तीन वर्षं केले, मागच्या वर्षीचं बिल अजून मिळालं नाही, आणि यंदा तिथंही एसी बसले.

मोठा मुलगा बारावीत आहे. तो म्हणतो, बाबा, एसीचं शिकून घ्या. मुलगी आठवीत. बायको शिवणकाम करते म्हणून पावसाळा निघतो.

तर विचारायचं हे की ४१ व्या वर्षी एसीचं काम शिकता येतं का? कोणी शिकवतं का? आणि माझ्यासारखा माणूस परत कोणाच्या हाताखाली उभा राहू शकतो का? मला माझं काम सोडावंसं वाटत नाही. हेही लिहून ठेवतो, कारण घरी हे बोलता येत नाही.

गेज आणि फ्लेअर

भाऊ, मी जरीपटक्याला राहतो, १५ वर्षांपासून एसीचं करतो. आयटीआयमधून रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड केला होता. तुमचं पूर्ण वाचलं.

पहिली गोष्ट, तुम्ही शून्यापासून सुरू करत नाही आहात. कॉम्प्रेसर उघडून पाहिला तर आत मोटरच आहे. कॉमन, स्टार्ट, रन, तीन टोकं. मीटरनं कोणत्या दोन टोकांत किती ओहम ते मोजून ओळखायची. हे तुम्ही झोपेत कराल. कपॅसिटर गेला की काय होतं हे तुम्हाला माझ्याआधी कळतं. माझ्याकडे येणारी मुलं सहा महिने इथंच अडकतात.

शिकायचं आहे ते गॅसचं. जुन्या मशीनमध्ये आर-२२ असायचा, आता नव्या घरगुती मशीनमध्ये बहुतेक आर-३२ येतो. आर-३२ थोडा पेट घेणारा गॅस आहे. त्यामुळे जुन्या लोकांसारखं लाइनमध्ये गॅस असताना पाइप जोडायचा आगीचा टॉर्च लावायचा नाही, बंद खोलीत गॅस सोडायचा नाही. थोडा गॅस सोडून पाइपातली हवा बाहेर ढकलायची ही पद्धतही सोडून द्या, व्हॅक्यूम पंप लावल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. आणि गॅस अंदाजानं नाही, वजनकाट्यावर भरायचा. इन्व्हर्टर एसीचं कार्ड हा वेगळा विषय, तो नंतर.

आता जे कोणी सांगत नाही ते. उंची. मी सातव्या मजल्याच्या खिडकीबाहेर एका ब्रॅकेटवर पाय ठेवून आउटडोअर बसवले आहेत. पहिली पाच वर्षं बेल्टशिवाय. आता मी बेल्ट असल्याशिवाय चढत नाही, आणि पोरांनाही चढू देत नाही, काम गेलं तरी चालेल. तुम्ही येणार असाल तर आधी बेल्ट घ्या, मग गेज, म्हणजे गॅसचा दाब दाखवणारं मीटर.

एसी म्हणजे बारा महिने काम असंही नाही. घरगुती धंदा डिसेंबर-जानेवारीत इथं झोपतोच. दवाखाने, मेडिकल स्टोअर, बँकांच्या सर्व्हर रूम, यांची कामं धरली तर वर्ष निघतं, पण त्यांची कामं मिळवायला दोन-तीन वर्षं लागतात.

काम आवडतं का म्हणाल तर हो. फ्लेअर, म्हणजे जोडासाठी पसरवलेलं पाइपाचं तोंड, नीट बसला, व्हॅक्यूम लावला, पंप बंद केला आणि गेजची सुई खाली जिथं गेली तिथंच थांबून राहिली, की बरं वाटतं. अर्धा तास ती सुई हलत नाही हे पाहत मी चहा पितो. ग्राहकाला त्यातलं काही दिसत नाही. तुमच्या ताटीच्या उजेडाच्या ठिपक्यांबद्दल वाचलं तेव्हा मला ती सुई आठवली.

सीझन संपला की या. एक पावसाळा माझ्यासोबत फिरा. हाताखाली वगैरे मनात आणू नका.

उमरेड साइड

भाऊ, मी बी वाइंडिंगच करतो, इकडं उमरेड-भिवापूर पट्ट्यात. माह्या हिशोबानं तुम्ही प्रश्नच चुकीचा इचारला. एसी नाही त कूलर, असे दोनच रस्ते काहून धरले तुम्ही? तुमच्या हातात वाइंडिंग आहे नं.

इकडं मिरचीवाले, संत्र्यावाले कास्तकार आहेत. बोअरमधली मोटर जळली का मानूस रातच्या दहाले बी गाडीवर टाकून आनते. ओलित आठ दिवस थांबलं त पीक हातचं जाते. अन् जळते कशी मोटर? व्होल्टेज कमी, नाही त तीन फेजमधला एक फेज गेला अन् मोटर दोनवरच वढत राहिली. रातच्या लायनीत कास्तकार झोपला असते, त्याले मालूम पडत नाही. सकाळी पाहते त धूर.

पान्यात बुडनाऱ्या मोटरची तार अलग असते, प्लास्टिकचं वेष्टन असलेली. तुमची कूलरची तार तिथं चालत नाही. भरायची रीत बी थोडी अलग. पन ज्याले मोटरचे चोवीस स्लॉट, म्हंजे तारेच्या खाचा, भरता येतेत त्याले हे महिन्याभरात येते. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत माह्याकडं जेवाले टाइम नसते. मार्चमंदी तुमचा कूलर चालू. हे दोन सीझन एकमेकाले बरोबर जुळतेत, इचार करा.

मले या कामाबद्दल काय वाटते? कास्तकार मोटर घेऊन जाते अन् दुसऱ्या दिवशी फोन करते का "पानी लागलं जी." बस.

महालातली

मी निवृत्त शिक्षिका आहे. महालात आमचं जुनं घर आहे, जाड भिंतींचं, आणि आम्ही अजून कूलरच वापरतो. माझ्या सासूबाई दाराला वाळ्याचा पडदा लावून त्यावर दर तासाला तांब्यानं पाणी शिंपडायच्या, ते मला आठवतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येणार नाही. माझाच एक प्रश्न आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे कूलरवाला आला होता. तेव्हापासून पाणी भरताना पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. त्याला फोन केला तर म्हणाला, "काकू, कूलरला थोडा करंट येतच असतो, चप्पल घालून भरा." मी तसं करते आहे. हे बरोबर आहे का?

सक्करदऱ्याचा मिस्त्री

काकू, आधी तुम्हाला उत्तर देतो, बाकीच्यांना नंतर. नाही. हे अजिबात बरोबर नाही. कूलरला थोडासुद्धा करंट यायला नको. हे वाचलं की लगेच प्लग काढा, आणि कोणी पाहून जाईपर्यंत लावू नका. दोन दिवस उकाडा सहन करा, पण लावू नका.

हे मी एवढं जोरात का सांगतो ते सांगतो. सात-आठ वर्षं झाली, आमच्या मागच्या गल्लीत एक बाई कूलरमध्ये पाणी भरताना गेली. संध्याकाळची वेळ, खाली फरशी ओली, पाय अनवाणी, कूलर चालू. तिचा कूलर मी कधी उघडला नव्हता. तरी तिच्या नवऱ्यानं मला नंतर बोलावलं, म्हणाला, भाऊ, एकदा पाहून सांग काय झालं होतं. मी पाहिलं. पंपाची वायर कमी पडली म्हणून कोणीतरी जोड दिला होता, वर साधी टेप, आणि तो जोड टाकीत पाण्याखाली. टेप सुटली होती. पंप टाकीतल्या पाण्यात, पाणी पत्र्याला लागलेलं, आणि भिंतीतल्या बोर्डात अर्थच्या पिनेला मागून वायरच नव्हती. पिनेचं भोक होतं, वायर नव्हती. एवढंच कारण. बारा रुपयांची वायर आणि एक जोड.

तेव्हापासून मी घास बदलायला जरी गेलो तरी आधी दिवा लावतो. होल्डरला दोन लांब वायरी, त्यात १०० वॉटचा बल्ब. एक टोक बोर्डाच्या फेजला, दुसरं अर्थच्या पिनेला. बल्ब लख्ख पेटला तर अर्थिंग जिवंत आहे. मिणमिणला तर नावापुरतं आहे. नाहीच पेटला तर नाहीच. घरात ३० मिलिअँपिअरचा, करंट गळला की वीज तोडणारा ब्रेकर बसवलेला असेल तर बल्ब लावताक्षणी तो खाली पडतो, आणि ते पाहून मला आनंद होतो, कारण तोच ब्रेकर माणसालाही वाचवणार असतो. हे कोणी घरी करून पाहू नका, हे आमचं काम आहे. मग कूलरचा पत्रा आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर. मग पंपाची वायर टाकीपासून प्लगपर्यंत हातात घेऊन तपासायची, मध्ये जोड असेल तर अख्खी वायर बदलायची. याचे मी वेगळे पैसे घेत नाही. अर्थिंग नसेल तर मी कूलर सुरू करून देत नाही. यावरून भांडणं झाली आहेत, दोन-तीन गिऱ्हाइकं सोडून गेली.

आणि सगळ्यांसाठी: पाणी भरताना बटण बंद करून चालत नाही, प्लगच काढायचा. किती घरांत बटण न्यूट्रलवर असतं ते मी पाहतो. बटण बंद, पण करंट आतपर्यंत आलेलाच.

वाडीचा, सध्या मिहानमध्ये

दादा, माझे बाबा हेच काम करायचे. २०२१ ला दुकान बंद केलं. आता एका मोठ्या इमारतीत सिक्युरिटीला आहेत. पगार दर महिन्याला येतो, आईला आधीसारखी काळजी नाही. मीच त्यांना दुकान बंद करा म्हणून मागे लागलो होतो.

रविवारी सुट्टी असली की ते शेजारपाजारचे मिक्सर, पंखे मागून आणतात आणि अंगणात उघडून बसतात. पैसे घेत नाहीत. मार्च महिना आला की गच्चीवर जाऊन लोकांच्या खिडक्या बघत उभे राहतात. मी काही म्हणत नाही.

एसी शिका, मोटरा भरा, जे जमेल ते करा. पण हातातलं काम हातात राहील असंच काहीतरी करा. मला तेव्हा हे कळलं नव्हतं.

सक्करदऱ्याचा मिस्त्री

सगळ्यांचे आभार. रात्री दुकान बंद करून बायकोला सगळं वाचून दाखवलं. वाडीच्या भावाचं वाचताना मध्येच थांबलो, मग तिनं पुढचं वाचलं.

उमरेडच्या भाऊ, तुमची गोष्ट मनात बसली. माझ्याकडे मामाजींची वाइंडिंगची वही आहे. कोणत्या कंपनीच्या मोटरला किती नंबरची तार, किती टर्न, कॉइल कितीची, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात, वॉर्निशचे डाग पडलेलं. मोटर जळून आली की जुनी कॉइल कापून टर्न मोजायचे आणि वहीत लिहायचे, असं त्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं. मामाजी गेल्यावर पुढची पानं मी भरली. त्यात पाण्यातल्या मोटरचं एकही पान नाही. तुम्ही म्हणता तशी ती पानं लिहावीत असं आता वाटून राहिलं आहे. दिवाळीच्या आधी चार दिवस तुमच्याकडे येऊन बसलो तर चालेल का? डबा मी माझा आणीन.

जरीपटक्याच्या भाऊ, जुलैमध्ये तुमच्याकडेही येतो. एसी बसवायला नाही, उंचीवर चढायची माझी तयारी नाही हे खरं सांगतो, बायकोही नाहीच म्हणाली. पण कॉम्प्रेसरची मोटर, पंख्याची मोटर, कपॅसिटर, खाली बसून होणारं सगळं मला शिकायचं आहे. आणि ती गेजची सुई पाहायची आहे. मुलालाही सोबत आणीन. बारावीनंतर तो आयटीआयला जातो म्हणाला तर तुमच्या ट्रेडची चौकशी त्यालाच तुमच्याशी बोलून करू द्या.

हाताखाली उभं राहण्याचं मी विचारलं होतं. ते आता विचारायची गरज वाटत नाही.

कूलर मी बंद करत नाही आहे. १९० घरं आहेत.

काकू, मी उद्या सकाळी महालाकडेच येतो आहे, मला तुमचा पत्ता मेसेजवर पाठवून द्या. नऊच्या आत येतो, मग ऊन फार होतं. टाकी रिकामी करून ठेवा, प्लग काढलेलाच राहू द्या, आणि ज्या बोर्डाला कूलर लावता त्याच्या खालचं सामान तेवढं बाजूला करून ठेवा.